बियाला सोडलेल्या शेंगा

तनुजाची आई गेली हे मला दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी कळलं. मी बिडकीनला, कंपनीच्या स्टोअरमध्ये, डबा उघडून बसलो होतो. फोन शेजारच्या निशाचा होता. "काका, घरी या. काकू गच्चीवर पडल्यात." मी विचारलं, "लई लागलं का?" ती म्हणाली, "तुम्ही या काका. डॉक्टर बघून गेले." डॉक्टर बघून गेले आणि दवाखान्यात नेलं नाही, यावरून मला कळलं. मी फोन खिशात ठेवला आणि उरलेला डबा खाल्ला. दीड भाकरी होती आणि वालाच्या शेंगांची भाजी होती. शेंगा गच्चीवरच्या होत्या, कोवळ्या, शेंगदाण्याचं कूट घातलेल्या. मी सगळं खाल्लं. डब्याला लागलेली भाजी बोटानं पुसून खाल्ली, डबा नळाखाली धुतला, झाकण लावलं आणि मग साहेबांना सांगायला गेलो. लोक विचारतात तेव्हा मी म्हणतो, फोन आला तसा निघालो. पडेगावला घरी पोचेपर्यंत मला लसणाचे ढेकर येत होते. तिच्या अंगावर पांढरी चादर घातलेली होती आणि मी तोंडावर रुमाल धरून उभा होतो. बघणाऱ्यांना वाटलं मी रडतोय.

तो पाण्याचा दिवस होता. आमच्याकडे आठ-नऊ दिवसांनी नळाला पाणी येतं आणि त्या दिवशी ती सकाळपासून दुसरं काही करत नसे. आधी प्यायचं, मग टाकी, मग गच्चीवरचे ड्रम. निशा सांगते, तिच्या अंगणात आमच्या गच्चीवरून पाणी पडायला लागलं. पाच मिनिटं पडत राहिलं. निशा अंगणवाडीत शिकवते, त्या दिवशी सुट्टीवर होती. ती म्हणाली, "काकू पाण्याचा थेंब वाया जाऊ द्यायच्या नाहीत. मला तवाच समजलं काहीतरी झालंय." ती वर गेली तर पाइप ड्रममध्ये तसाच होता, ड्रम भरून वाहत होता आणि तनुजाची आई वांग्याच्या बादल्यांशेजारी आडवी झाली होती. निशानं आधी नळ बंद केला की आधी तिला हलवलं, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

मी तिला कधी नावानं हाक मारली नाही. तिचं नाव केसर होतं. लग्नानंतर सुरुवातीला "अगं" म्हणायचो, तनुजा झाल्यावर "तनुजाची आई". आता कागदपत्रांसाठी ठिकठिकाणी तिचं नाव सांगावं लागतं, तेव्हा दुसऱ्या कुणा बाईबद्दल बोलतोय असं वाटतं. गल्लीत तिला वेगळंच नाव पडलं होतं. जाधववाडीला शहराचा भाजीचा मोठा बाजार भरतो, म्हणून पोरं तिला जाधववाडीच म्हणत. "काय जाधववाडी, आज दोडका काय भाव?" ती गच्चीवरूनच ओरडायची, "तुझ्या बापाला परवडायचा न्हाय. वर ये, फुकट देते." हे सगळं लॉकडाऊनमध्ये सुरू झालं. भाजीचे गाडे बंद झाले आणि आम्ही चौदा दिवस नुसत्या डाळीवर काढले. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. डाळ होती, पीठ होतं, गॅस होता. तिनं मात्र पंधराव्या दिवशी रंगाचे रिकामे डबे गोळा करायला सुरुवात केली. मी म्हणालो, "अगं, चार दिवसांत सगळं उघडंल. औरंगपुऱ्यात भाजी मिळायची काय कायमची बंद होणारे?" ती म्हणाली, "तुम्हाला काय, डबा उघडला की भाजी दिसती. ती कुठून येती ते मला माहीत." पुढं सगळं उघडलं तरी तिचं थांबलं नाही. मोबाइलवर कुठल्या देशात युद्ध लागलं, कुठं गहू बाहेर पाठवायचा बंद केला, ते ती जेवताना मला सांगायची. मी हूं म्हणायचो. बिडकीनकडं कारखान्यांसाठी पाये खोदलेले होते, काळ्या मातीचे ढीग रस्त्याच्या कडेला पडलेले असत. दर शनिवारी एक गोणी स्कूटीवर पायापाशी ठेवून आणायची, हे माझं काम. तिनं माती मुठीत दाबून बघायची आणि म्हणायचं, "ह्याच्यावर ज्वारी यायची डोक्याएवढी. आता हिथं काय बनवणारेत?" मी म्हणायचो, "बॅटऱ्या." मग ती माती चाळणीनं चाळत बसायची.

भीती तिची नव्हती, तिच्या आईची होती. बहात्तरच्या दुष्काळात ती वर्षाची होती आणि तिची आई खडी फोडायच्या कामावर जात होती. त्या घरानं शेवटी पेरणीला ठेवलेली ज्वारी दळून खाल्ली. पुढच्या साली पाऊस आला तेव्हा पेरायला घरात दाणा नव्हता. तनुजाची आई म्हणायची, उपाशी राहण्याचं तिच्या आईला काही वाटलं नाही, पण पाऊस पडत असताना रिकाम्या हातानं वावरात उभी राहिली ते ती मरेपर्यंत सांगत होती. तेवढे वालाचे दाणे वाचले होते. तनुजाच्या आजीनं ते गाडग्यात राख घालून आढ्याला लटकवले होते आणि कुणाला सांगितलं नव्हतं. तो वाल मग आईकडून लेकीकडं आला. दाणा काळा, एका कडेला पांढरी रेघ. तिचं म्हणणं होतं की पाकिटातलं बी एकदाच येतं, दरसाल दुकानात जावं लागतं. "आन दुकानच बंद झालं तर?" आणि बी घरातल्या माणसाला दिसेल असं ठेवायचं नसतं, भुकेला माणूस पहिलं तेच खातो, असंही ती म्हणायची. कुठं ठेवते हे मी तिला विचारलं नाही. मला ते जाणून घ्यायची गरज वाटली नाही.

तनुजा पुण्याला असते. तेव्हा तिला सातवा महिना होता. पोटुशा बाईनं मातीला येऊ नये म्हणून तिच्या सासूनं तिला निघू दिलं नाही, आणि माझ्या दगडाआत्यानंही फोनवर तेच सांगितलं. तनुजानं व्हिडिओवरून आईचं तोंड बघितलं. फोन मी धरला होता, ती म्हणत होती, "पप्पा, नीट धरा ना, पप्पा, नीट धरा." घर दगडाआत्यानं हातात घेतलं. ती बहात्तर वर्षांची आहे, सिल्लोडकडं राहते, आमच्या सगळ्या मयतींना तीच असते. दहाव्याच्या आदल्या दिवशी तिनं घर धुवायला काढलं. मी ओट्यावर बसलो होतो. ती आतून म्हणाली, "सांडू, उठ बाबा. बसून काय ती परत येणारे का? सुतकातली मातीची भांडी घरात ठेवायची नसत्यात. माठ काढ. आन माळ्यावर तीन गाडगी दिसत्यात ती बी काढ." मी स्टूल घेऊन माळ्यावरून गाडगी काढली. तोंडाला फडकं बांधून वरून शेणमातीनं लिंपलेली होती. एकाचं लिंपण थोडं उडालं होतं, तिथून बोट घातलं तर राख लागली. मी म्हणालो, "आत्या, ह्यात राख भरलीये." ती म्हणाली, "आसंल भांडी घासायला ठेवलेली. तिचं सगळंच गावाकडचं." मी माठ आणि तिन्ही गाडगी पोत्यात घातली आणि रिक्षा केली.

खाम नदीच्या पुलाजवळ उतरलो. रिक्षावाला माझ्याच वयाचा होता, पांढऱ्या दाढीचा. तो सिगारेट पेटवून बघत उभा राहिला. आधी माठ दगडावर टाकला. मग पहिलं गाडगं टाकलं. राख उडाली आणि राखेत कागदाच्या पुड्या दिसल्या, काही फुटल्या होत्या, त्यातून भोपळ्याच्या बिया बाहेर आल्या, कारल्याच्या आल्या, आणि काळे दाणे आले, कडेला पांढरी रेघ असलेले. रिक्षावाला म्हणाला, "चच्चा, ये तो बीज है ना? कायकू फेंक रे?" मी म्हणालो, "मयत का है." तो म्हणाला, "मयत का तो है, मगर बीज का क्या कसूर?" मी दुसरं गाडगं उचललं आणि टाकलं. मग तिसरं टाकलं. खाली घाण पाणी होतं, काही बिया त्यात गेल्या, काही राखेबरोबर चिखलाला चिकटल्या. तो म्हणाला, "अल्ला," आणि सिगारेट टाकून गाडी चालू केली.

पहिलं गाडगं मी नकळत फोडलं. ते सोडून देतो. पण दुसरं उचललं तेव्हा आत काय आहे हे मला माहीत होतं. वाल कुठला आहे तेही माहीत होतं. मी ह्यावर पुष्कळ विचार केला आहे, सकाळी दात घासताना, स्टोअरमध्ये माल मोजताना, आणि मला कारण सापडत नाही. मला राग आला नव्हता. रडू येत नव्हतं. आत्यानं तीन सांगितली होती, तीन फोडायची होती, एवढंच डोक्यात होतं. डबा संपवला तेव्हाही असंच होतं. डबा उघडलेला होता, तो संपवायचा होता. मी खाली वाकून चार दाणे तरी उचलू शकलो असतो. वाकायला काही त्रास नव्हता. रिक्षात बसल्यावर बोटांना राख होती, ती मी पँटला पुसली. दुसऱ्या दिवशी पैठणला तिच्या अस्थी सोडल्या, तेव्हाही हाताला राख लागली आणि तीही मी पँटला पुसली. पँट एकच होती.

तेराव्यानंतर चार दिवसांनी तनुजाचा फोन आला. थोडं इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "पप्पा, आईची गाडगी माळ्यावर आहेत. तुम्हाला माहितीयेत का?" तीच पुढं म्हणाली, "तिनं मला दिवाळीत दाखवली होती. म्हणाली, बाळ झालं की तुला देते, तुझ्या गॅलरीत लाव. पप्पा, आहेत ना?" मी म्हणालो, "आहेत." "हात नका लावू. मी पावसाळ्याआधी येते न्यायला." मी म्हणालो, "ये." फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा गच्चीवर गेलो. त्या दिवसापासून वर गेलो नव्हतो. टोमॅटो वाळून गेले होते, पालकाला तुरे आले होते, वांग्यांना काही झालं नव्हतं. वालाचा वेल कठड्याच्या तारेवर होता, पानं पिवळी पडलेली, आणि त्याच्यावर सात शेंगा होत्या. सातही शेंगांच्या देठांना तिनं जुन्या साडीच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. शेंग बियाला सोडली की ती चिंधी बांधायची, म्हणजे चुकून कुणी भाजीला तोडू नये. चुकून कुणी म्हणजे मीच, घरात दुसरं कोण होतं. मी शेंगा मोजल्या, पुन्हा मोजल्या. सात शेंगांत तीस-बत्तीस दाणे निघतील असा हिशोब केला. एका गाडग्याच्या तळालाही ते पुरले नसते, पण ते तेच होते. मग मी खाली जाऊन आंघोळीचं साठवलेलं पाणी आणलं आणि वेलाला घातलं.

रोज घालायला लागलो. सकाळी कामावर जायच्या आधी एक बादली, आल्यावर एक बादली. स्वतः आंघोळ न करता घातलं. इतक्या वर्षांत त्या गच्चीवर मी माती सोडून काही नेलं नव्हतं. मला बरं वाटत होतं असं म्हणवत नाही, पण सकाळी उठायला काम होतं. पंधरा दिवसांनी निशा तिच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ती थांबून बघत राहिली. "काका, काय करताय?" मी म्हणालो, "पाणी घालतोय. बी धरायचंय." ती कठड्यापाशी आली. "अहो काका! वाळायला सोडलेल्या शेंगेला पाणी नसतं घालायचं. वेल मरू द्यायचा असतो. काकू पंधरा दिवस आधीच तोडायच्या पाणी." मग तिनं शेंगा बघितल्या आणि तिचा आवाज खाली आला. "बुरशी धरली बघा ह्याला." मी विचारलं, "तुमच्याकडं आहे का हा वाल? तिनं दिला असंल." ती म्हणाली, "दिला होता मागच्या साली. मूठभर. खोटं कशाला बोलू काका, सासूबाईंनी भिजवून उसळ केली. काकू माझ्याशी आठ दिवस बोलल्या नव्हत्या." ती हसली आणि मग हसणं थांबवलं. मी तिथंच शेंगा तोडल्या. चार शेंगांत दाणे मऊ झाले होते, दाबले की पाणी निघत होतं. उरलेल्या तीन शेंगांतून अकरा दाणे निघाले. ते मी उन्हात वाळवले आणि माझ्या दाढीच्या सामानाच्या डबीत ठेवले. राखेत घालायला पाहिजे होते. किती राख, कसली राख, ते मला माहीत नव्हतं.

अकरा दाणे घेऊन तनुजाला सांगता आलं असतं. सांगायचं काय, तेही जुळवलं होतं. पण एप्रिलमध्ये ती बाळंत झाली, मुलगी झाली, संस्कृती नाव ठेवलं, आणि फोनवर ती म्हणाली, "पप्पा, आई नाही तर नाही, बाळाला आईच्या हातचं बी तरी मिळेल." त्या रविवारी मी शहागंजला गेलो आणि बियाण्यांच्या दुकानातून पाकिटं घेतली. वाल, भोपळा, दोडका, कारलं, गवार, भेंडी, जे जे आठवलं ते. दुकानदार म्हणाला, "शेत किती आहे?" मी म्हणालो, "गच्ची." तो म्हणाला, "मग हे घ्या, हायब्रिड, भरपूर लागतं. फक्त ह्याचं बी धरू नका. पुढच्या साली तसं येत नाही. पुन्हा आमच्याकडंच या." घरी येऊन पाकिटं फोडली तर बिया गुलाबी होत्या. औषध लावलेलं होतं. मी तिच्या पिठाच्या परातीत त्या धुतल्या. पाणी गुलाबी झालं, बोटं गुलाबी झाली, पुन्हा पाणी बदललं, पुन्हा धुतल्या. फरशीवर पेपर टाकून पंख्याखाली वाळवल्या. वाल पांढरा होता, साधा. काळ्या दाण्याचा वाल कुठंच मिळाला नाही, मी चार दुकानं फिरलो. कुंभाराकडून तीन गाडगी आणली. आत्याला फोन केला, "येताना गोवऱ्यांची राख आण." ती म्हणाली, "आता राख कशाला रे? भांडी घासतो का काय राखेनं?" मी म्हणालो, "व्हय." ती घेऊन आली, मी माळ्यावर चढून गाडगी भरत होतो ते तिनं बघितलं. ती स्टुलाशी आली. मग म्हणाली, "मी सांगितलं म्हणून तू फोडली व्हय?" मी गाडग्यात राख ओतली. "मला काय माहीत बाबा. मातीची म्हणून सांगितलं मी. दाण्याला इटाळ नसतो." ती खाली बसली, शेण कालवलं आणि तिनंच तिन्ही तोंडं लिंपून दिली. मला तसं लिंपता आलं नसतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तनुजा आली, जावई आले, बाळ आलं. तनुजा बाळाला माझ्या मांडीवर देऊन आधी माळ्यावर चढली. गाडगी खाली घेतली, लिंपणावर हात फिरवला आणि रडली. मी बाळाकडं बघत होतो. एक गाडगं तिनं तिथंच उघडलं, राखेत बोटं घातली. "पप्पा, वाल पांढरा कसा? आईचा काळा होता ना?" मी म्हणालो, "दोन्ही होते तिच्याकडं." "आणि ही भेंडी गुलाबीसर दिसते." मी म्हणालो, "राखेनं होतं तसं." ती म्हणाली, "हो का?" आणि पुन्हा फडकं बांधलं. माझं बोलणं तिनं खरं धरलं, कारण तिची आई असेपर्यंत मी तिला कधी काही खोटं सांगितलं नव्हतं. आत्या स्वयंपाकघरात होती, तिनं ऐकलं, ती बाहेर आली नाही. जाताना गाडगी तनुजानं गाडीत मागच्या सीटवर ठेवली, मध्ये उशा लावल्या, आणि बाळाला पुढं घेतलं.

आता ती फोटो पाठवते. वालाला दोन पानं आली, दोडका तारेला लागला. खाली लिहिते, आईचा वाल. कालच्या फोटोत तिनं संस्कृतीची मूठ वेलाला लावली होती. फोनवर म्हणाली, "पप्पा, ह्या वर्षी खायचं कमी, बीच जास्त धरणार. आई म्हणायची तसं. काही झालं तरी घरात बी पाहिजे." मी बरं म्हणालो. ती बी धरेल, राखेत घालेल, आणि पुढच्या साली पेरील तेव्हा ते तसं यायचं नाही. ती म्हणेल माझंच काहीतरी चुकलं. नाहीतर ज्या वर्षी खरंच दुकानं बंद होतील त्या वर्षी पेरील, आणि तेव्हा मी नसेन. निशा म्हणते, वाल आषाढात पेरला तर येतो, त्याच्या पुढं उशीर होतो. मी तिला दोनदा विचारलं, दाणा किती खोल टाकायचा. ती म्हणाली, बोटाच्या दोन पेरांएवढा. गच्चीवर मी दोन बादल्यांत माती चाळून भरून ठेवली आहे. पेरले आणि नाही आले, तर काहीच उरत नाही. आले, तर शेंगा काळ्या दाण्यांच्या निघतील आणि तनुजाला द्याव्या लागतील, आणि मग ती विचारेल. दोन्ही गोष्टींचा विचार करून मी रोज खाली येतो. आषाढ संपायला सहा दिवस राहिलेत. अकरा दाणे पेरलेले नाहीत, आणि तनुजाला सांगितलेलं नाही.